ते रडणं नव्हतं

आई,

आज सकाळी तुमचा नातू माझ्यावर ओरडला. दात घासून तो बाहेर आला आणि मी रोजच्यासारखं त्याला म्हटलं, "जरा वाक. हनुवटी छातीला लाव आणि तसाच थांब." तो वाकला, थांबला. मी खाली बसून त्याच्या नाकाकडे बघत राहिले. मग तो ताडकन सरळ झाला. "बास कर ना आई आता! डॉक्टर बोलला ना, सगळं ओके आहे म्हणून? तू रोज माझं नाक चेक करतेस, मला येड्यासारखं वाटतं." त्याचं बरोबरच आहे. एवढा मोठा मुलगा, नोकरी करणारा, त्याची आई रोज सकाळी त्याच्या नाकाखाली डोळे लावून बसते, हे कुणाला आवडेल? मी स्वयंपाकघरात गेले, दूध तापत ठेवलं, गॅस बंद केला आणि परत त्याच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिले. काही कारण नव्हतं. गेला महिनाभर माझं असंच चाललं आहे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. ऑफिसातून रजा घेतली आहे ती त्याच्या सेवेसाठी, पण तो माझ्यापेक्षा शांत आहे. शेवटी आज टेबलापाशी बसले आणि तुमच्याशी बोलायला सुरुवात केली. ह्या एका विषयावर बोलायला तुमच्याशिवाय मला दुसरं माणूस नाही.

महिन्यापूर्वी तो मोटरसायकलवरून पडला. ऑफिसातून घरी येताना, संध्याकाळचा, करी रोडच्या पुलाच्या उतारावर. हेल्मेट डोक्यावर होतं, पण त्याचा पट्टा लावलेला नव्हता. लोकांनी उचलून टॅक्सीत घातला, त्याच्या मोबाइलवरून मला फोन केला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर त्याच्या डोक्याचे फोटो दाखवले आणि पेनाच्या टोकाने एक बारीक रेघ दाखवली. मेंदूच्या खाली, नाकाच्या वर जे पातळ हाड असतं, तिथे. "अगदी केसाएवढी चीर आहे. आपोआप भरून येईल, काळजीचं काही नाही." मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंनाही इथेच लागलं होतं." ते "हो का" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी तिथून हललेच नाही. पुढे काय काय होऊ शकतं, ते विचारत राहिले. त्यांनी सांगितलं, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हे फार क्वचित होतं हं" असं जोडून. आई, क्वचित हा शब्द आपल्या घरात चालत नाही. तुमच्या बाबतीत सगळं क्वचितच झालं होतं.

त्या दिवसाचं तुम्हाला काही आठवत नसे, म्हणून मीच सांगते. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गिरगावातल्या, वडील, काका, आत्या सगळे कचेऱ्यांत नोकरीला, अशा घरातून मी लालबागच्या चाळीत तुमच्या दोन खोल्यांत आले होते. सासरे गिरणी बंद पडल्यावर फार जगले नाहीत. घर तुम्ही मसाल्यावर चालवलंत. आजूबाजूच्या बायका मिरच्या, धणे, खोबरं आणून द्यायच्या, तुम्ही ते भाजायचात, कांडपावर कुटून आणायचात आणि डबे भरून परत द्यायचात. मालवणी मसाला कुणाचा, तर तुमचा, असं पार चिंचपोकळीपर्यंत बायका म्हणत. मी फोर्टमधल्या एका ऑफिसात कारकून. सकाळी आपली गाठ पडायची ती घाईतच, आणि घाईत आपलं दोघींचं कधी जमलं नाही. त्या सकाळी तुम्हाला माळ्यावरची मोठी परात हवी होती. मी म्हटलं, "आई, मी संध्याकाळी आल्यावर काढून देते." तुम्ही म्हणालात, "तू येईपर्यंत वाट बघत बसू? बायका बारा वाजता येतत." मी म्हटलं, "मग थोडं आधी सांगायचं होतं." माझा आवाज चढला होता, तुमचाही चढला होता. मी मोरीत हात धूत होते. तुम्ही स्टूल ओढलंत, मी मागे वळून "अहो थांबा, मी येते" म्हणेपर्यंत तुम्ही वर होतात. स्टुलाचा एक पाय फरशीच्या फटीत गेला. मी ओल्या हातांनीच धावले, पण माझा हात तुमच्या पदरापर्यंत पोचला तेव्हा तुमचं कपाळ ओट्याच्या कडेवर आदळलं होतं. भांडणाचा आवाज सगळ्या गॅलरीने ऐकला होता, आणि त्यापाठोपाठ परातीचा. शेजारच्या काकू दारात आल्या तेव्हा तुम्ही जमिनीवर होतात आणि मी तुमच्यावर ओणवी होते. त्यांना जे दिसलं ते असं दिसलं.

हॉस्पिटलात तुम्ही शुद्धीवर आलात आणि पहिलं विचारलंत, "माका काय झाला गो?" मी सांगितलं. थोड्या वेळाने परत विचारलंत. मी परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुमचे दोन्ही डोळे काळेनिळे झाले, जसं कुणी दोन गुद्दे मारले असावेत. डॉक्टर म्हणाले, हाड चिरलं की रक्त तिथे उतरतं, उतरेल आपोआप. उलटी झाली, फार झोप यायला लागली, तर परत आणा, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. नाकाचं कुणी काही बोललं नाही. तुम्ही चाळीच्या जिन्यावरून काळे डोळे घेऊन वर आलात, मी तुमचा दंड धरला होता, आणि प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं होत होतं. रात्री तुमच्या मुलाने मला हळूच विचारलं, "तुमचं दोघींचं त्या दिवशी नक्की काय झालं होतं?" मी अंथरुणात उठून बसले. तो लगेच म्हणाला, "अगं, मी सहज विचारलं." सहज विचारलेलंच जास्त लागतं.

मग काही आठवड्यांनी ते पाणी सुरू झालं. तुम्ही भाकरी थापायला बसला होतात. पुढे वाकलात आणि तुमच्या डाव्या नाकपुडीतून एक थेंब परातीत पडला. स्वच्छ, पाण्यासारखा. तुम्ही पदराने नाक पुसलंत आणि तो गोळा बाजूला टाकून दिलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. देवापुढे वाकलात की, केर काढायला वाकलात की, चपला शोधायला वाकलात की. शिंका नाहीत, खोकला नाही, नाक चोंदलेलं नाही, फक्त थेंब थेंब पाणी, आणि तेही एकाच बाजूने. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सर्दी म्हणून गोळ्या दिल्या. मग ॲलर्जी म्हणून दुसऱ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तुम्हाला गुंगी यायची, पाणी काही थांबायचं नाही. मी म्हटलं, "आई, आपण मोठ्या हॉस्पिटलात दाखवू या." तुम्ही म्हणालात, "सर्दीन मी मरूचंय नाय." तुमच्या पदराचं टोक सतत ओलं असायचं. गॅलरीत बसलात की तुम्ही सारखं ते टोक नाकाला लावायचात, आणि तुमचे डोळे अजून थोडे सुजलेले असायचे.

चाळीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. म्हातारी रडते. आधी सुनेने ढकललं, आता रोज छळते, म्हणून रडते. नळावर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. एकदा काकू मला ऐकू जाईल अशा आवाजात दुसरीला म्हणाल्या, "गिरगावची शिकलेली हां, पण घरात बघ काय चाललंय." मी हंडा भरला, घरात आणून ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. तुम्ही कांदा चिरत होतात. मी म्हटलं, "आई, तुम्ही त्यांना सांगत का नाही? तुम्हाला सर्दी आहे, तुम्ही रडत नाही, एवढं एकदा त्यांना सांगा." तुम्ही सुरी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "रडतंय म्हटल्यार बाईक कोण काय विचारणा नाय. नाकातसून पाणी गळता म्हटल्यार माझ्या हातचा कोण खातलो?"

मला तेव्हा राग आला, खूप आला. तुमचा मसाला वाचावा म्हणून माझी अब्रू चाळभर वाटली जात होती, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. पण तुम्ही कांद्याकडेच बघत होतात. तुम्ही म्हणालात, "आणि माका वासय येणा नाय. पडलंय त्या दिवसापासून. कसलोच नाय." कांदा तुमच्या पुढ्यात चिरलेला होता. तुम्ही तो उचलून नाकाशी धरलात आणि मला दाखवलात, जसं एखादं बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरून दाखवावं. मग कळलं की मागच्या वेळचा मसाला करपला होता तो का. काकूंनीच तक्रार केली होती, आणि तुम्ही मिरच्यांना दोष दिला होता.

त्यानंतरच्या रविवारांचं मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही दार ओढून घ्यायचात. कढई चढवायचात. मी शेजारी उभी राहायचे. "धणे झाले काय?" "अजून नाही." "आता?" "आता येतोय वास, उतरवा." "खोबरा करपला काय गो?" "नाही, पण ढवळा लवकर." पहिल्या दिवशी मी नुसतं "चांगला वास येतोय" म्हटलं, तर तुम्ही वैतागलात. "चांगलो म्हणजे कसलो? तुका नाक असा ना? नीट सांग." मला कधी कुणी वास सांगायला लावला नव्हता. मी अडखळत म्हटलं, "धणे... म्हणजे पाऊस पडून गेल्यावर सुकं गवत उन्हात तापतं ना, तसा." तुम्ही मान हलवलीत, "हां, मग झाला," आणि कढई उतरवलीत. तिरफळ, दगडफूल, जायपत्री, ही नावं मी गिरगावात फक्त वाण्याच्या दुकानात ऐकली होती. त्या रविवारांत ती मला डोळे मिटून ओळखता यायला लागली. ठसका लागला की मी गॅलरीत पळायचे, डोळे पुसायचे, आणि तिथे काकू असायच्या. म्हणजे आता सूनही रडते! आज आठवलं की हसू येतं. तेव्हा आपण दोघी दाराआड काय करतो आहोत हे कुणालाही सांगता येत नव्हतं, आणि दार बंद असल्याने चाळीला आणखी विषय मिळत होता.

ह्याच दिवसांत एकदा तुम्ही सहज म्हणालात, "पाणी घशात उतरला काय खारट लागता." मला ते खटकलं. सर्दी खारट लागते का? मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकीला विचारलं, ती म्हणाली लागत असेल. मी विसरून गेले नाही, पण पुढे काही केलंही नाही. काय करायचं तेच माहीत नव्हतं.

आणि मग तो ताप आला. सकाळी तुम्ही उठला नाहीत. उजेड सहन होत नाही म्हणून तोंडावर चादर ओढून घेतलीत. मी उशी नीट करायला तुमची मान उचलायला गेले, तर मान वाकेना. लाकडासारखी ताठ. दुपारपर्यंत तुम्ही तुमच्या आईशी बोलायला लागलात, गावच्या विहिरीवर कुणीतरी कळशी विसरलं म्हणून रागवायला लागलात. तुमच्या मुलाने टॅक्सी आणली. तुम्हाला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेताना खुर्चीचे पुढचे दोन पाय काकूंच्या मुलांनी धरले होते, आणि काकू वरून मला म्हणाल्या, "आता तरी बघ तिच्याकडे." मी टॅक्सीत तुमचं डोकं मांडीवर घेतलं.

परळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. केस रबरात कसेबसे बांधलेले, डोळ्यांत झोप. तिने तुमची मान पाहिली, पाठीत सुई घालून पाणी काढलं, आणि आम्हाला सांगितलं की मेंदूच्या आवरणाला सूज आली आहे, जंतू आत शिरलेत. मग तिने विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का?" तुमचा मुलगा म्हणाला, "झाले की चार-पाच महिने. पण ते बरं झालं." ती म्हणाली, "नाकातून पाणी येतं का?" तो म्हणाला, "सर्दी असते तिला. आणि..." तो थांबला. मला कळलं तो काय बोलायचा थांबला. "आणि रडते ती," हेच. मी पुढे झाले. म्हटलं, "सर्दी नाही. फक्त डाव्या बाजूने येतं, वाकलं की येतं, पाण्यासारखं असतं, आणि खारट लागतं. त्यांना वासही येत नाही. आणि त्या रडत नाहीत. मी घरात असते, मला माहीत आहे." डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली, आणि तुमचा मुलगाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे तसं पाहिलं असेल.

तुम्ही त्या दुखण्यातून उठलात. किती इंजेक्शनं झाली, तुमच्या दोन्ही हातांवर जागा उरली नाही. ताप उतरल्यावर तिने तुम्हाला पलंगाच्या कडेला बसवलं, पुढे वाकवलं आणि नाकाखाली एक काचेची नळी धरली. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत होतो. थेंब पडला. मग दुसरा. तिने नळी उजेडात धरली आणि सोप्या भाषेत सांगितलं, की मेंदू आत पाण्यात असतो, त्या पाण्याची पिशवी हाडाच्या चिरेपाशी फाटली आहे, आणि हे पाणी तिथलं आहे. ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जातात. फार क्वचित होतं असं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे माझो मेंदू गळता?" ती हसली, नर्स हसली, पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. तुम्ही नाही हसलात. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "आणि मी त्या पाण्यात भाकऱ्यो थापलंय."

ऑपरेशन नाकातूनच करायचं ठरलं. दुर्बीण घालून, मांडीतल्या पडद्याचा एक पातळ तुकडा काढून तिथे ठिगळ लावायचं. त्या सकाळी तुम्हाला हिरवा झगा घातला, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. तुमचा मुलगा सही करायला गेला होता. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला आणि लिफ्टची वाट बघत थांबला. तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत आणि विचारलंत, "खरा सांग. तू माका ढकललंस काय गो?"

लिफ्ट वर येत होती. मी म्हटलं, "नाही, आई." तुम्ही म्हणालात, "बरा." मनगट सोडलंत. लिफ्ट आली, ट्रॉली आत गेली, दार बंद झालं. मी तुमच्या बांगड्या हातात घेऊन तिथेच उभी राहिले. इतके महिने रविवारी माझ्या नाकाने तुम्ही मसाला भाजला, आणि इतके महिने हा प्रश्न तुमच्या पोटात होता. चाळीचं बोलणं मी सहन केलं होतं. नवऱ्याचं सहज विचारणंही गिळलं होतं. पण हे मला गिळता आलं नाही. ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टरांनी येऊन सांगितलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. आतून मात्र मी गार पडले होते.

पुढचे दिवस मी माझं काम चोख केलं. डोकं उंच ठेवायचं, वाकायचं नाही, जोर करायचा नाही, नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून सोडायची, नाहीतर ठिगळ उडेल. लालबागच्या चाळीत शिंक येऊ द्यायची नाही म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना काय ठाऊक! दर खोलीत फोडणी, दर खोलीत मिरची. घरी आणल्यावर मी प्रत्येक दाराशी गेले आणि हात जोडून सांगितलं, की काही दिवस मिरची भाजू नका. कारण विचारलं तर खरं कारण सांगितलं, नाकातल्या पाण्यासकट. तुम्ही आतून ऐकत होतात, अडवलं नाहीत. काकूंच्या दाराशी मी सगळ्यात शेवटी गेले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती रडत नव्हती?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. पण महिनाभर त्यांच्या घरची फोडणी बंद राहिली, आणि रोज दुपारी त्या पेज करून आणून देत होत्या. मसाला द्यायला बायका परत आल्या. सगळ्या नाही, पण आल्या. तुमचं पाणी परत कधी आलं नाही. वासही आला नाही. त्यानंतर तुम्ही पुष्कळ वर्षं जगलात, नातू पाहिलात, त्याला मांडीवर घेऊन शेंगदाणे सोलायला शिकवलंत. तो दुसरीत असताना तुमचं हृदय झोपेत थांबलं. इतकी वर्षं आपण रविवारी कढईपाशी उभ्या राहिलो, आणि लिफ्टपाशी विचारलेल्या त्या प्रश्नाबद्दल मी तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही. तुम्हीही नाही. मला वाटायचं, ही बाई मरेपर्यंत मनात संशय ठेवून माझ्या हातचं जेवली.

आता तुमच्या नातवाचं सांगते. गेल्या आठवड्यात त्याच्या नाकातून पाणी आलं. सकाळी चहा पिताना थेंब पडला आणि माझ्या हातातलं भांडं निसटलं. मी त्याला शर्टसुद्धा बदलू दिला नाही. टॅक्सीत तो म्हणत होता, "आई, एसीची सर्दी आहे गं. भेटायला आलेल्या मित्रांनाही होती." मी त्याच्या डाव्या नाकपुडीकडे बघत होते. नंतर उजवीकडूनही आलं, तरी माझा विश्वास बसेना. मी त्याला म्हटलं, "चव बघ. खारट आहे का?" टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. हॉस्पिटलात त्यांनी ते पाणी तपासायला घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत मी गरोदर बाई फेऱ्या मारते तशा त्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होते. डॉक्टर स्वतः बाहेर आले. म्हणाले, "मॅडम, सर्दी आहे. नुसती सर्दी." मी त्यांना विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की." मग मी बाकावर बसले, आणि तुमचा नातू शिंकला, अगदी मोठ्याने, दोन्ही नाकपुड्यांनी.

तरी मी आज सकाळी त्याला वाकवलं. का ते माझं मलाच कळत नाही. पण खरी अस्वस्थता नाकाची नाही, आई. ती त्याच्या प्रश्नाची आहे. त्यालाही ते काही आठवत नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये किल्ली लावली एवढं आठवतं, आणि त्यानंतर एकदम हॉस्पिटलचा पंखा. मधलं काही नाही. घरी आल्यापासून तो मला विचारतो, "आई, मी पडलो कसा? कोणी ठोकलं? माझीच चूक होती का? मी मोबाइल बघत होतो का?" ज्यांनी त्याला उचललं त्यांनाही विचारून झालं. त्यांनी तो पडलेलाच पाहिला. पडताना कुणी पाहिलं नाही. तो हे विचारतो तेव्हा त्याच्या आवाजात आरोप नसतो. कुणावर राग नसतो. घरातली एक खोली कुणीतरी बाहेरून बंद केली आहे आणि आत काय आहे ते मला सांग, एवढंच तो मागतो. जे सांगेन ते तो मानेल. त्याचा चेहरा बघताना मला लिफ्टपाशी ट्रॉलीवर पडलेला तुमचा चेहरा दिसला. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही माझ्यावर संशय घेतलात. तुम्हाला तर फक्त माहीत नव्हतं. आणि सगळी चाळ सांगायला तयार असताना तुम्ही ते मला विचारलंत, ऑपरेशनला जाण्याआधी, आणि माझ्या एका शब्दावर "बरा" म्हणून आत गेलात. मी तुमच्या "बरा"मधला विश्वास ऐकलाच नाही. मला फक्त प्रश्न ऐकू आला.

हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले, पण पाठवू कुठे? आपली चाळ पाडली, त्या जागेवर टॉवर झाला, आणि आम्ही त्यातच एकविसाव्या मजल्यावर राहतो. तुमच्या पत्त्यावर पाकीट टाकलं तर वॉचमन ते माझ्याच हातात आणून देईल.

एक गोष्ट राहिली. परवा तुमच्या नातवाने परत तेच विचारलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की पुलावर एक कुत्रा आडवा आला, त्याला वाचवायला तू ब्रेक दाबलास, तिथल्या एका फळवाल्याने पाहिलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. आता तो मित्रांना फोनवर तेच सांगतो, वर कुत्र्याचा रंगही सांगतो. असा कुठलाही फळवाला मला भेटलेला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला खरं सांगितलं होतं. त्याला नाही सांगू शकले.